बक्षीस कोणाच्या खिशातून?

उभा राहा. मोबाइल त्या टेबलावर पालथा ठेव आणि हाताची घडी सोड.

तुझा तो व्हाइटपेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. शुद्धलेखनाबद्दल आज बोलत नाही. सातवीत करायचास त्याच चुका अजून करतोस. मला बोलायचंय ते हिशेबाबद्दल. लोकांनी तुझं टोकन विकत घ्यायचं, मग ते जाळून टाकायचं, आणि जाळल्याबद्दल तू त्यांना बक्षीस द्यायचं, अशी तुझी योजना. बक्षिसाचे दर रंगीत चौकटीत छापलेत. लवकर जाळणाऱ्याला जास्त मिळेल, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. ज्वाळांचं चित्र आहे, कोट घातलेला तुझा फोटो आहे. बक्षिसाचे पैसे कुठून येणार, हे मात्र एकाही पानावर नाही. जमेची बाजू कोरी ठेवून खर्चाची बाजू भरणाऱ्याला मी किती गुण देत असे, ते तुला सांगायला नको.

आणि बाईंना ब्लॉकचेनमधलं काय कळणार, असं मनातल्या मनात म्हणू नकोस. तुझ्या मनातलं तोंडावर दिसतं, तेव्हाही दिसायचं.

जाळणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तुझ्या लिखाणावरून तुलाही ते धड कळलेलं दिसत नाही. आगबिग काही नसते. टोकन अशा पत्त्यावर पाठवायचं की ज्याची खासगी किल्ली कोणाकडेच नाही. इथेरियमवर आधी नुसती शून्यं आणि शेवटी 'डेड' ही अक्षरं असलेला एक पत्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे गेलेलं टोकन तिथेच राहतं. एकूण पुरवठ्याचा आकडा बदलत नाही, फक्त तेवढा माल पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. दुसरी रीत अशी की टोकनच्या प्रोग्रॅममध्येच जाळण्याची सोय ठेवलेली असते, आणि ती वापरली की एकूण आकडाच कमी होतो. तू एका पानावर पहिली रीत लिहिलीस आणि पुढे हिशेब दुसरीचा केलास. असो. ही त्यातली सगळ्यात लहान चूक आहे.

खडू घे. लिही. दहा माणसं, प्रत्येकाकडे शंभर टोकनं, म्हणजे एकूण एक हजार. भाव दहा रुपये. सगळ्या मालाची किंमत दहा हजार रुपये. आता त्यातल्या एकाने आपली शंभरच्या शंभर जाळली. उरली नऊशे. बाजार त्या सगळ्या मालाला अजूनही दहा हजारच मोजतो, असं तुझ्या बाजूने धरू. मोजेलच असं नाही, पण धरू. भाव किती झाला? अकरा रुपये अकरा पैसे. बरोबर. उरलेल्या नऊ जणांचे प्रत्येकी एकशे अकरा रुपये वाढले, सगळे मिळून हजार. आणि जाळणाऱ्याकडे काय उरलं? शून्य. त्याचे हजार गेले, तेच हजार बाकीच्यांत वाटले गेले. नवा पैसा कुठून आला का? एक पै आली नाही.

आता कळलं, जाळणाऱ्याला बक्षिसाचं आमिष का दाखवावं लागतं ते? शहाणा माणूस फुकट जाळणार नाही, शेजाऱ्याने जाळावं म्हणून वाट बघत बसेल. तुझ्या त्या ग्रुपवर सगळे एकमेकांना 'जाळा, जाळा' म्हणून सांगतात आणि स्वतः गप्प बसतात, ते उगाच नाही. तेवढं गणित त्यांना न मांडताही येतं.

मग तू म्हणतोस, त्याला बक्षीस देऊ. दे. कशातून? नवी टोकनं छापून? शंभर जाळली आणि शंभर छापून त्यालाच दिली, तर पुन्हा हजार टोकनं, पुन्हा दहा रुपये भाव. ज्या ओळीपासून सुरुवात केली त्याच ओळीवर आलो, मध्ये फक्त व्यवहाराची फी गेली. तुझ्या रंगीत चौकटीत तर शंभर जाळल्यावर एकशे वीस देण्याचं वचन आहे. मग झाली एक हजार वीस, आणि भाव नऊ रुपये ऐंशी पैसे. पुरवठा कमी करण्याच्या नावाखाली तू तो वाढवलास! वरून त्या वाढीला तू 'टंचाई' म्हणतोस. छापायचं नसेल तर उरलेल्या नऊ जणांकडून काढून त्याला द्यायचं. ते कशाला देतील? त्यांच्या व्यवहारांवर फी लावशील, तर ते व्यवहार कमी करतील. आणि नऊ जण पुरत नाहीत म्हणून अकरावा, बारावा, तेरावा शोधून आणशील. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मग दुसऱ्याच्या आडातून उपसायचं, एवढाच मार्ग राहतो.

मला शिबा इनूचं उदाहरण देऊ नकोस. नाही, देच. तुझ्या लिखाणात ते चार वेळा आलंय, तर होऊन जाऊ दे.

ऑगस्ट २०२० मध्ये रियोशी असं टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी ते नाणं काढलं. एकूण एक हजार लाख कोटी टोकनं. एकावर पंधरा शून्यं. त्यातली निम्मी त्यांनी इथेरियमच्या विटालिक ब्युटेरिनच्या पाकिटात न विचारता टाकून दिली, म्हणजे ती बाजारात येणार नाहीत असं लोकांना वाटावं. मे २०२१ मध्ये ब्युटेरिनने ती बाहेर काढली. सुमारे पन्नास लाख कोटी टोकनं त्याने भारतातल्या कोविड मदत निधीला दिली, पॉलिगॉन या क्रिप्टो प्रकल्पाच्या संदीप नैलवालने सुरू केलेल्या. कागदावर त्यांची किंमत तेव्हा शंभर कोटी डॉलर होती. विकून हाती त्याहून बरेच कमी आले, कारण एवढा माल त्या भावाने घेणारं गिऱ्हाईकच नव्हतं. हे नीट ऐक. ज्या महिन्यात आपल्याकडे लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्ररात्र रांगा लावत होते, त्या महिन्यात त्या टोकनांचा कोणाला उपयोग झाला असेल, तर तो कोणीतरी ती विकत घेऊन खरे पैसे दिले म्हणून झाला.

उरलेल्यांतली बहुतेक, जवळजवळ ४१० लाख कोटी, त्याने जाळली. एकूण मालाच्या एक्केचाळीस टक्के! तेव्हाच्या भावाने सहाशे कोटी डॉलरहून जास्त. असली सत्ता आपल्याला नको, असं त्याचं म्हणणं होतं. बक्षीस त्याने मागितलं नाही, कोणी दिलंही नाही. तुझ्या सिद्धान्ताप्रमाणे भाव कुठे जायला हवा होता? आभाळात. दोन आठवड्यांत तो निम्म्याच्या आसपास उतरला, कारण १९ मे रोजी सगळा क्रिप्टो बाजारच कोसळला. आणि त्या नाण्याचा आजवरचा सर्वांत वरचा भाव आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर, जेव्हा तसं काही मोठं जाळणं झालेलं नव्हतं. लोकांची झुंबड आली तेव्हा भाव चढला, झुंबड गेली तेव्हा उतरला. तू आलेख काढताना मे महिना सोडून का दिलास? चुकून? मी परीक्षेत अशा चुका पाहिलेल्या आहेत. त्या नेमक्या उत्तराच्या सोयीच्या जागी होतात.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, शिबावाल्यांनी नेमकी तुझीच योजना आणली. म्हणजे तू त्यांची उचललीस. त्यांच्या संकेतस्थळावर शिबा जाळायचे, बदल्यात 'बर्न्ट शिबा' नावाची पावती मिळायची, आणि त्या पावतीवर रियोशी नावाच्या दुसऱ्याच एका टोकनच्या व्यवहारांतले ०.४९ टक्के पावतीधारकांना वाटले जायचे. बक्षीस मिळायचं तेही त्या दुसऱ्या टोकनातच. बघ जरा रचना. तुझ्या हातातलं नाणं कायमचं गेलं. त्या बदल्यात मिळालं ते दुसरं नाणं. आणि तेही कधी, तर तिसरी माणसं ते दुसरं नाणं विकत-घेत राहतील तोवरच. यात शेत नाही, कारखाना नाही, दुकान नाही, कोणाचं एक कामही झालेलं नाही. आलेला आहेर न उघडता पुढच्या लग्नात फिरवावा, तसं एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात.

सुरुवातीला तिथे लोकांनी हजारो कोटी टोकनं जाळली म्हणून केवढा गाजावाजा झाला. हजारो कोटी ऐकून तुझे डोळे मोठे होतात. खडू घे पुन्हा. बाजारात उरलीत साधारण ५८९ लाख कोटी. समजा, रोज न चुकता दोन हजार कोटी जाळली. सगळी संपायला किती दिवस? भाग दे. एकोणतीस हजार चारशे पन्नास दिवस. वर्षांत? ऐंशीच्या वर. तुझ्या नातवंडांनाही तोवर पेन्शन लागेल. दात कोरून पोट भरत नाही, हे तुझ्या आजीला कळत होतं.

आणि 'एक दिवस शिबा एक रुपयाचा होणार' असं तू ग्रुपवर लिहिलंस ते मला तुझ्याच वर्गातल्या एकीने दाखवलं. एक रुपया म्हणजे ५८९ लाख कोटी रुपये. आपल्या अख्ख्या देशाचं सकल उत्पन्न २०२४-२५ मध्ये साधारण ३३० लाख कोटी होतं. म्हणजे गव्हापासून सॉफ्टवेअरपर्यंत एकशे चाळीस कोटी माणसं वर्षभरात जे काही पिकवतात, घडवतात, विकतात, त्याच्या पावणेदोन पट किंमत कुत्र्याचं चित्र लावलेल्या एका नाण्याची. हे लिहिताना तुझा हात थांबला नाही? अंदाज घेणं, उत्तराकडे बघून हे शक्य आहे का असं स्वतःला विचारणं, हे मी तुम्हाला पाचवीपासून शिकवलं.

टंचाईने भाव वाढतो, हे वाक्य तू अर्थशास्त्र म्हणून लिहिलंस. अर्धंच लिहिलंस. ब्राझीलने १९३१ ते १९४४ या काळात कॉफीची सात कोटी ऐंशी लाखांच्या आसपास पोती नष्ट केली. जाळली, समुद्रात टाकली, आगगाड्यांच्या इंजिनात कोळशाऐवजी घातली. सरकारने केलं, सक्तीने केलं, वर्षानुवर्षं केलं. आणि ती कॉफी होती. जगभर सकाळी उठून ती पिणारी माणसं होती. तरी झालं काय, की ब्राझील जाळत असताना कोलंबियासारख्या देशांनी लागवड वाढवली आणि मोकळी झालेली जागा घेतली. तुझं टोकन सकाळी उठून कोण पितं? आणि तुझ्या टोकनची लागवड वाढवायला तर शेतही लागत नाही. तुझ्यासारखा दुसरा कोणीही दुपारभरात तसंच दुसरं टोकन काढतो. बाजारात अशी लाखो पडलीत. एकाची टंचाई करून उपयोग काय?

स्टेलरने नोव्हेंबर २०१९ मध्ये साडेदहा हजार कोटींतली साडेपाच हजार कोटी नाणी एका फटक्यात नष्ट केली. अर्ध्याहून जास्त. भाव उसळला, आणि वर्ष संपायच्या आत पहिल्यापेक्षाही खाली गेला. पुढे.

आता ज्या उदाहरणाचं नावही तू घेतलं नाहीस त्याकडे येऊ. टेरा आणि लूना. जाळण्याला बक्षीस, ही कल्पना इतक्या शुद्ध स्वरूपात दुसरीकडे कुठे वापरली गेली असेल असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच तू ती गाळलीस. यूएसटी नावाचं एक नाणं कायम एका डॉलरचं राहील असं टेरावाल्यांचं वचन. राहणार कसं? यूएसटी पंचाण्णव सेंटला घसरलं, तर कोणीही ते पंचाण्णवला विकत घ्यावं, जाळावं, आणि जाळल्याबद्दल एक डॉलर किमतीची लूना, म्हणजे त्यांचं दुसरं नाणं, मिळवावी. पाच सेंट नफा. हेच बक्षीस. लोक नफ्यासाठी यूएसटी जाळत राहतील, ते कमी होईल, आणि भाव पुन्हा डॉलरवर येईल. वाचायला किती सुबक! बक्षिसाची लूना मात्र कुठून यायची? नवी छापून. फळ्यावर मघाशी लिहिलेली तीच ओळ.

वर, ते यूएसटी लोकांनी घ्यावं म्हणून अँकर नावाच्या योजनेत त्यावर जवळजवळ वीस टक्के व्याज. मे २०२२ मध्ये लोक एकदम बाहेर पडायला लागले. यूएसटी घसरलं, लोकांनी जाळलं, लूना छापली गेली, लूना विकली गेली, लूनाचा भाव पडला. म्हणून पुढच्या एका डॉलरसाठी आणखी जास्त लूना छापावी लागली. महिन्याच्या सुरुवातीला लूना साधारण पस्तीस कोटी होत्या, भाव ऐंशी डॉलरच्या आसपास. आठवडाभरात त्या साडेसहा लाख कोटी झाल्या. जवळजवळ एकोणीस हजार पट. भावाचं काय झालं ते सांगायलाही दशांशचिन्हानंतर किती शून्यं द्यावीत असा प्रश्न. चार हजार कोटी डॉलरच्या आसपास संपत्ती त्या आठवड्यात नाहीशी झाली. लक्षात घे, यंत्र बिघडलं नव्हतं. जसं आखलं होतं तसंच ते चाललं: जाळा आणि मिळवा. लोकांनी जाळलं आणि मिळवलं. संस्थापक डो क्वॉन मॉन्टेनेग्रोमध्ये पकडला गेला, अमेरिकेत आणला गेला, ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तोही हुशार मुलगा होता. स्टॅनफर्डमध्ये शिकलेला.

त्या राखेतही लोकांचं समाधान झालं नाही बघ. उरलेल्या जुन्या लूनावर सप्टेंबर २०२२ मध्ये प्रत्येक व्यवहारामागे १.२ टक्के जाळण्याचा कर बसवला. लोकांनी व्यवहारच कमी केले. महिन्याभरात तो कर ०.२ टक्क्यांवर आणावा लागला. व्यवहारावर फी लावलीस तर लोक व्यवहार करायचे थांबतील, असं मी मघाशी म्हटलं तेव्हा तू मान हलवून हसलास. आता हस.

'पण बाई, जाळलेलं परत येत नाही, एवढं तरी खरं ना?' हा प्रश्न तू विचारणारच होतास. ते प्रोग्रॅम कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. क्रिप्टो डॉट कॉम या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या नाण्यांपैकी सात हजार कोटी नष्ट करण्याची घोषणा केली. दहा हजार कोटींतली सात हजार कोटी. इतिहासातलं सगळ्यात मोठं जाळणं म्हणून दवंडी पिटली. लोकांनी त्या भरवशावर नाणं घेतलं, धरून ठेवलं. चार वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, त्या नाण्याच्या क्रोनॉस साखळीवर ठराव आला: जाळलेली सात हजार कोटी पुन्हा निर्माण करायची आणि राखीव निधीत ठेवायची. सामान्य नाणेधारक ओरडत राहिले. मतदानाच्या अगदी शेवटी मोठ्या थैल्यांची मतं येऊन पडली आणि ठराव मंजूर झाला. तीन हजार कोटींचा पुरवठा पुन्हा दहा हजार कोटींवर. ती हळूहळू, वर्षानुवर्षांनी मोकळी होतील असं सांगितलंय. पण ज्याने २०२१ मध्ये 'आता कायमची गेली' असं मानून पैसे घातले, त्याला काय सांगणार? जाळलेलं परत आणता येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि तुझ्या प्रोग्रॅममध्ये, मी तुझ्याच वर्गातल्या त्या मुलीकडून वाचून घेतला, नवी टोकनं छापण्याचा अधिकार एका पाकिटाला दिलाय. ते पाकीट कोणाचं, ते व्हाइटपेपरमध्ये नाही. खाली बघू नकोस. ते तुझं आहे.

आता न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. जाळण्याबद्दल काही देणं म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीच, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०१४ मध्ये काउंटरपार्टी नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. ज्यांना त्याचं एक्ससीपी हे नाणं हवं होतं त्यांनी आपले बिटकॉइन अशा पत्त्यावर पाठवायचे की जिथून ते कोणालाच काढता येणार नाहीत. एका बिटकॉइनला हजार ते दीड हजार एक्ससीपी, आधी येणाऱ्याला जास्त. महिन्याभरात लोकांनी दोन हजार शंभरांहून जास्त बिटकॉइन कायमचे घालवले. मूर्खपणा वाटतो ना? पण त्यात एक सरळपणा होता. प्रकल्प काढणाऱ्यांना त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, आणि त्यांनाही एक्ससीपी हवं असेल तर तसेच बिटकॉइन जाळावे लागले. लोकांचे पैसे आपल्या खिशात येणार नाहीत, याची खात्री त्यांनी जाळून दिली. वाटणी एकदाच झाली, दार बंद झालं. तसंच इथेरियमचं. ५ ऑगस्ट २०२१ पासून तिथे प्रत्येक व्यवहाराची मूळ फी जाळली जाते. बक्षीस कोणालाच मिळत नाही, वापरलंत म्हणून भरा, एवढंच.

तुझ्या योजनेत कोण जाळतं? तुझी गिऱ्हाइकं. तू किती जाळणार आहेस? संस्थापकांचा वाटा म्हणून चाळीस टक्के बाजूला काढलेस, त्यातलं एकही टोकन जळणार नाही असं तळटिपेत बारीक अक्षरांत आहे. चष्मा लावून वाचली मी ती. मघाच्या फळ्यावरचे ते नऊ जण आठव, दुसऱ्याने जाळलं की ज्यांचे आपोआप वाढतात ते. तुझ्या योजनेत त्या नऊ जणांच्या जागी तू एकटाच बसलायस. ज्वाळांचं चित्र काढलंस त्यापेक्षा ही तळटीप पहिल्या पानावर घालायला हवी होतीस.

बक्षीस आपल्याच नाण्यात द्यायची युक्ती महाराष्ट्राला नवीन नाही. गेनबिटकॉइन आठवतं का? बिटकॉइन द्या, दीड वर्ष दरमहा दहा टक्के घ्या. द्यायला बिटकॉइन पुरेनात, तेव्हा लोकांच्या हातावर एमकॅप नावाचं घरचंच टोकन ठेवलं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये म्होरक्याला पकडलं. त्याच तपासात पोलिसांना मदत करायला बोलावलेल्या तज्ज्ञांनीच तिथली नाणी वळवल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये त्यांनाही अटक झाली. त्यात ज्यांचे पैसे गेले ते सगळे काही अडाणी नव्हते. डॉक्टर होते, इंजिनिअर होते, आपल्यासारखे मास्तरही होते.

कायद्याचं पान तुझ्या व्हाइटपेपरमध्ये नाहीच, म्हणून तोंडी सांगते. एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का आधीच कापला जातो. जाहिरात करायची तर जोखमीचा इशारा द्यायचा, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम आहे. अशी नाणी लोकांसाठी बदलून देण्याचा, सांभाळण्याचा धंदा करणारे मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात. आणि ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली वेगळा कायदा केलाय. यातलं काय तुला लागू होतं ते मी ठरवणार नाही, मी वकील नाही. पण वकिलाकडे न जाता तू लोकांकडून पैसे घेतलेस. 'आम्ही नुसती आगाऊ नोंदणी केली' म्हणे! पाच-पाच हजारांची नोंदणी?

कोणाकडून घेतलेस त्यांची नावं मला माहीत आहेत. तुझ्याच बॅचची मुलं. एकाचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलं, ते तुला ठाऊक होतं. एकीने नवऱ्याला न सांगता दिलेत. त्यांनी टोकनचा अभ्यास करून दिले नाहीत. 'अरे, वर्गात पहिला यायचा तो' म्हणून दिले. पहिला तू यायचास हे खरं आहे. तुझे ते गुण मीच दिलेले आहेत, म्हणून आज मला बोलायचा हक्क आहे. जो हिशेब तुझ्या डोळ्यांना दिसत नव्हता असं तू म्हणू शकत नाहीस, तो तू मुद्दाम मांडला नाहीस. ज्याला येत नाही त्याच्यावर मी कधी ओरडले नाही. येत असून पान कोरं ठेवणाऱ्यावर ओरडले.

'सगळेच करतात' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. 'ज्याने त्याने आपापलं बघावं' हेही नाही. तू त्यांना बघायला दिलंस का? पुरवठ्याचा आकडा दिलास, छापण्याचा अधिकार लपवलास. बक्षिसाचा दर दिलास, बक्षिसाचा झरा लपवलास.

आता काम सांगते. त्या ग्रुपवर आज रात्री सरळ मराठीत लिही की योजना बंद केली आहे, का बंद केली, आणि छापण्याचा अधिकार कोणाच्या पाकिटात होता. इंग्रजी शब्दांच्या आड लपायचं नाही. ज्याचे जेवढे घेतलेस तेवढे रुपयांत परत कर; टोकनात नाही, व्हाउचरमध्ये नाही, 'पुढच्या प्रकल्पात वळते केले' असंही नाही. नोंदणीच्या पैशांतून त्या फोटोवाल्याला आणि संकेतस्थळावर जे खर्च केलेस ते तुझ्या पगारातून भर. प्रत्येकाची पावती घे, सही घे, आणि ती यादी रविवारी सकाळी मला आणून दाखव. नऊ वाजता म्हणजे नऊ वाजता. आणि येताना तुझ्या आईला बरोबर आण, कारण तिच्या मुदतठेवीतूनही तू पैसे काढलेस, आणि ते तिला अजून माहीत नाही.